विटणारे रंग

खिडकीच्या पडद्याची उन्हाकडची घडी विटते, आतली तशीच राहते. सेंद्रिय सौरघटांचा विचार मी तिथूनच सुरू करते, कारण त्यात प्रकाश शोषणारं द्रव्य म्हणजे शेवटी रंगच. १९८६ साली कोडॅकच्या चिंग टँग यांनी दोन थरांचा घट दाखवला, कार्यक्षमता सुमारे १ टक्का. त्यातलं एक द्रव्य होतं कॉपर थॅलोसायनिन, छापखान्याच्या शाईतला निळा. उन्हात सहसा न विटणारा.

•

पुढचे रंग एवढे चिवट नव्हते. या रेणूंत एकाआड एक दुहेरी बंध असतात, त्यावर इलेक्ट्रॉन मोकळे पसरतात, म्हणून प्रकाश शोषला जातो. ऊन आणि ऑक्सिजन मिळून त्यातला एक बंध तोडतात आणि साखळी तिथेच खुंटते. पीपीव्ही घराण्यातले पॉलिमर असेच लवकर गेले. पी३एचटी हा पॉलिमर त्यांच्यापेक्षा बराच टिकला.

•

२०१९ साली चीनमध्ये झोउ यिंगपिंग यांच्या गटाने वाय६ हा रेणू आणला. कार्यक्षमता थेट १५.७ टक्के! मधे रुंद गाभा, दोन्ही टोकांना इलेक्ट्रॉन ओढणारे गट. गाभा आणि टोक जोडणारा दुहेरी बंध हा या घराण्यातला कच्चा दुवा. वाय६ची आकृती काढताना माझी पेन्सिल दर वेळी त्या बंधापाशी थांबते.

•

झिंक ऑक्साइड. त्वचेला उन्हापासून वाचवणाऱ्या मलमात असतो तोच. घटात त्याचा थर इलेक्ट्रॉन गोळा करतो. पण अतिनील किरण पडले की तो स्वतःच रासायनिक क्रिया घडवू लागतो, आणि शेजारच्या रेणूचा तोच कच्चा दुवा तुटतो. केवळ रेणू बदलत बसलो तर हा शेजार आपल्या नजरेतून सुटतो. माझ्या मते खरं काम या सीमेवरच आहे.

•

२०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठात स्टीफन फॉरेस्ट यांच्या गटाने नेमकं हेच केलं. झिंक ऑक्साइड आणि सेंद्रिय थर यांच्यामध्ये एका रेणूएवढ्या जाडीचं अस्तर, दुसऱ्या बाजूला सी७० या कार्बनच्या रेणूचा पातळ थर, आणि अतिनील किरण अडवणारी गाळणी. २७ सूर्यांइतक्या प्रखर प्रकाशापर्यंत चाचण्या करून त्यांनी ३० वर्षांहून अधिक आयुष्याचा अंदाज बांधला. अंदाजच तो, पण मला त्याने फार धीर दिला.

•

झिंक ऑक्साइडऐवजी टिन ऑक्साइड: सोपा उपाय, अनेकांनी वापरलेला.

•

डायआयोडोऑक्टेन. थराची घडण सुधारावी म्हणून द्रावणात थेंबभर घालतात. नीट उडून गेलं नाही तर आतच राहतं, अतिनील प्रकाशात त्यातला आयोडीनचा बंध तुटतो आणि सुटे मूलक पॉलिमरला लागतात. पुन्हा पुन्हा लिहून ठेवावं असं: थर पुरता वाळवणं हेही स्थैर्याचंच काम.

•

टी८० म्हणजे कार्यक्षमता सुरुवातीच्या ८० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ. हा आकडा दिसला की मी आधी दिवा कोणता होता ते पाहते. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात अतिनील भाग जवळपास नसतोच. विदर्भातल्या मे महिन्याच्या गच्चीवर तो असतो, आणि वर तापलेली गच्चीही.