सती वाचणार नाही, हे ठाऊक असूनही

अमीश त्रिपाठी यांच्या शिव-त्रयीचा अखेरचा खंड, ‘वायुपुत्रांची शपथ’, हाती घेण्यापूर्वीच माझ्या सोळा वर्षांच्या भाचीला सतीचा मृत्यू ठाऊक होता. दक्षयज्ञाची कथा आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. एकेकाळी मुंबईत वित्तक्षेत्रात नोकरी करणाऱ्या या लेखकाने २०१० मध्ये आरंभलेली कथा २०१३ मध्ये संपवताना यज्ञकुंड बाजूला ठेवले, सतीला मारेकऱ्यांशी झुंजत मरण दिले. मरण मात्र टाळले नाही. आगाशीच्या घरी भाचीने ती पाने वाचली आणि त्या रात्री ती जेवायला आली नाही.

“अगं, गोष्टच ना ती!” असे घरात सगळ्यांनी म्हणून पाहिले. मला मात्र ते रडणे कुठेतरी ओळखीचे वाटले. माझे वडील, म्हणजे तिचे आजोबा, आठ महिने अंथरुणावर होते. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात स्पष्ट कल्पना दिली होती. ते गेले तेव्हा भाचीने अश्रू ढाळला नाही; आल्यागेल्याला पाणी दिले, चपला नीट लावल्या. सर्वांनी तिला शहाणी म्हटले. आता उशीत तोंड खुपसून ती म्हणाली, “आत्या, मला माहीत होतं गं. तरी वाटत होतं, वाचेल.” कोणाविषयी, हे मी विचारले नाही. शेजारी बसून राहिले.

तिसरा खंड मला लांबलेला वाटतो. युद्धाच्या डावपेचांत तर मी काही पाने ओलांडली. पण सतीनंतरचा शिव मला खरा वाटतो. त्याचा शोक आधी क्रोध होऊन येतो आणि पाशुपतास्त्राने देवगिरी नगरी नष्ट होते. किशोरवयातील दुःखही पुष्कळदा चिडचिडीचेच रूप घेते. गेले काही महिने ही मुलगी धाकट्या भावावर उगाच खेकसत होती, आणि आम्ही तिला वळण लावीत होतो!

शोक हा आजार नव्हे. त्याला औषधापेक्षा सोबत अधिक लागते. तथापि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, अभ्यास, मैत्रिणी यांतले काहीच रुळावर येत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. आणि जगणे नकोसे झाल्याचे उद्गार निघाले तर एक दिवसही थांबू नये. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सरकारी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

भाचीने दुसऱ्या दिवशी दुपारी पोटभर भात खाल्ला. रविवारी सुकेळ्यांसाठी राजेळी केळी सोलायला ती आपणहून बसली. ते काम आजोबांचे होते. ते साली किती जाड काढत, यावरून भावाशी तिचे भांडणही झाले. त्रयीचा दुसरा खंड आता माझ्या आईने वाचायला घेतला आहे. पुढे काय होते ते कोणी सांगायचे नाही, अशी तिने सर्वांना ताकीद दिली आहे.