लेकरं घेऊन कपिलधारला

बीडकरांना धबधब्याची तारीख आधी ठरवता येत नाही. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस सरासरी ६६६ मिलिमीटर, आणि तोही जूनमध्ये तोंड दाखवून गायब झाला तर महिनाभर फिरकत नाही. त्यामुळं श्रावणात चार दिवस झड लागली आणि कुणाच्या तरी मोबाईलवर ‘कपिलधार चालू झालं’ असा व्हिडिओ येऊन पडला, की सगळं शहर एकाच रविवारी घाटाकडं निघतं. आम्हीही त्यातलेच. सात वर्षांची लेक, चार वर्षांचा धाकटा आणि सुट्टीला पुण्याहून आलेली भाची अशी तीन लेकरं मागच्या सीटवर, मधे बायको, आणि डिकीत धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि प्रत्येकाचे दोन-दोन कपडे.

सोलापूर रस्त्याला लागलं की आधी खजिना विहीर. निजामशाहीत, सोळाव्या शतकात सलाबतखानानं बांधलेली. सगळा खजिना हिच्यात ओतला म्हणून हे नाव, असं म्हणतात. भुयारी पाटांनी पाणी आणून पुढं शेतीला देण्याची तिची रचना मोठ्यांनी निवांत बघण्यासारखी आहे. लेकरांना ‘विहीर’ म्हटल्यावर गाडीतून उतरायचंच नव्हतं.

उतरायचं होतं ते पालीला, बिंदुसरेच्या धरणावर. धरण भरलं होतं आणि सांडव्यावरून चादर सुरू झाली होती. महामार्गाच्या कडेला मोटारसायकलींची रांग, भुट्टेवाला, फुगेवाला, नवी लग्न झालेली जोडपी, कट्ट्यावर बसलेले म्हातारे. सांडव्याच्या भिंतीवरून पाणी पातळ थरानं घसरतं आणि खाली पांढरा फेस होतो, बघायला एवढंच. पण त्याच्यासमोर माणसं अर्धा-अर्धा तास नुसती उभी असतात. पुण्याची भाची पाच मिनिटांत कंटाळली. आमची दोघं हलेनात.

ही बिंदुसरा पुढं बीड शहराच्या मधून वाहते. एरवी तिच्या पात्रात पाण्यापेक्षा कचराच जास्त दिसतो, पण २३ जुलै १९८९ च्या पुरानं तिच्या काठच्या वस्त्या धुऊन नेल्या आणि माणसं गेली. माझ्या वयाच्या बीडकरांना पाण्याबद्दल दोनच आठवणी आहेत, एक त्या पुराची आणि दुसरी टँकरची. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते साऱ्या देशानं पाहिलं. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण मात्र आमच्याच केज तालुक्यात, धनेगावला आहे, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं.

पालीच्या पुढं मांजरसुंब्याचा घाट. आता चौपदरी झाल्यामुळं तो घाट वाटतच नाही, पण बालाघाटाचा डोंगर या दिवसांत खरंच हिरवा असतो. उतारावर सीताफळाची झुडपं आणि त्यांना बोराएवढी फळं लागलेली. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाआधीही दसऱ्याच्या सुमारास पाट्या भरभरून ही फळं शहरात यायचीच. पठारावरच्या पवनचक्क्या दिसल्यावर तिन्ही लेकरं मोजायला लागली, आणि कुणाची मोजणी बरोबर यावर कपिलधार येईपर्यंत भांडण पुरलं.

कपिलधार हे आधी तीर्थ, मग सहलीचं ठिकाण. सोळाव्या शतकातले लिंगायत संत मन्मथस्वामी यांची इथं समाधी आहे. ‘परमरहस्य’ हा त्यांचा मराठी ग्रंथ वीरशैव घरांत आजही वाचला जातो. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून पायी दिंड्या येतात. समाधीच्या जवळच कड्यावरून धार कुंडात पडते. त्यामुळं ओल्या चड्डीतली पोरं आणि कपाळाला भस्म लावलेले म्हातारे एकाच वाटेवरून ये-जा करतात, आणि कुणालाच कुणाची अडचण होत नाही.

त्या रविवारी मात्र वाटच उरली नव्हती. लेकरांना घेऊन गर्दीत शिरण्याचं आमचं तंत्र ठरलेलं आहे, बायको पुढं, मी मागं, आणि लेकरं मधे, एकमेकांचा हात धरून. धार दिसली तसा धाकटा थबकला. वर कड्याकडं बघून म्हणाला, “पप्पा, वर कुणी नळ चालू ठेवलाय?” लेक लगेच म्हणाली, “बंद करायला सांगा ना. वाया चाललंय.” आमच्या गल्लीत नळ येतो तेव्हा घरातलं मूलसुद्धा तांब्या घेऊन पळतं, त्यामुळं त्या दोघांचं मला नवल वाटलं नाही. भाचीचा प्रश्न वेगळा होता. तिनं पुण्यात पोहण्याचा क्लास केलेला. ती म्हणाली, “मामा, इथं शिट्टी वाजवणारे काका कुठंयत?”

शिट्टीवाले काका नव्हते. कुंडाभोवतीच्या दगडांवर शेवाळाचा गडद हिरवा थर, वरून तुषार, आणि त्या दगडांवर एका पायावर तोल सांभाळत सेल्फी काढणारी कॉलेजची पोरं. पाणी मधे किती खोल आहे ते ढवळल्यामुळं कळत नव्हतं. एक पोरगा वरच्या कपारीपर्यंत चढून गेला, खालून शिट्ट्या झाल्या आणि लगेच दुसरे दोघं निघाले. आपल्याकडं पोहायला शिकणार कुठं? विहिरी आटलेल्या, नदी कोरडी. वर्षातून चार वेळा पाणी दिसतं आणि त्या चार वेळी आम्ही सगळे वेड्यासारखे त्याच्यात शिरतो. मला पुराची भीती ठाऊक आहे, पण या पोरांना पाण्याची भीती बाळगण्याइतकंही पाणी भेटलेलं नाही.

आम्ही धारेपासून दूर, पाणी घोट्याएवढं वाहत होतं तिथं बसलो. शेजारी केजकडचा एक गडी लेकीला खांद्यावर घेऊन उभा होता. गप्पा निघाल्या. तो ऊसतोडीला जाणारा. “दसरा-दिवाळी झाली की टोळी निघती. मग हाये कारखान्याचं फड आन् कोप्या,” तो म्हणाला. “तिथं कॅनॉलच्या कडंलाच ऱ्हावं लागतंय. आम्ही दोघं फडात, लेकरं कोपीवर. पाणी म्हणलं की जीव वर-खाली होतोय. म्हणून म्हणलं, हितं हाताला धरून दाखवावं, पाणी कसं आसतंय.” त्यानं लेकीला खाली उतरवलं, तिचे दोन्ही हात पक्के धरले आणि एकेक पाऊल टाकत पाण्यात नेलं. पाय घसरला की कसं बसायचं, तेही दाखवलं. ते बघून मीही धाकट्याला तसंच उभं केलं. पोहण्याचा क्लास झालेल्या भाचीनं तर नंतर तिघांचीही शिकवणी घेतली.

धपाटे खाताना शेजारच्या सतरंजीवरच्या एका आजींनी लेकरांच्या हातावर खडीसाखर ठेवली. त्या दरसाल कार्तिकीला पायी येणाऱ्या. “कार्तिकीला या समाधीला, पण बारकी लेकरं नका आणू. तवा माणूस लई आन् पाणी कमी,” असं त्यांनी बजावलं. दुपार झाली तशी गर्दी दुप्पट वाढली आणि आम्ही निघालो. साडीचा आडोसा धरून कपडे बदलणं, एक हरवलेली चप्पल आणि मांजरसुंब्याला रबडी, यातलं लेकरांच्या लक्षात फक्त रबडी राहिली.

जिल्ह्यात दुसरा मोठा धबधबा पाटोदा तालुक्यातला सौताडा, विंचरणा नदीचा. देखणेपणात तो कपिलधारच्या कितीतरी वर. पण रामेश्वराचं मंदिर खोल दरीच्या तळाशी आहे, पायऱ्या उतरताना बरं वाटतं आणि चढताना लेकरू कडेवर येतं. पाच वर्षांखालचं मूल असेल तर माझं मत कपिलधारच्या बाजूनं.

मात्र रविवार आणि श्रावणी सोमवार सोडून जा, सकाळी नवाच्या आत पोहोचा, आणि पाण्याजवळ असाल तोवर मोबाईल पिशवीतच राहू द्या. गर्दीच्या दिवशी कुंडाच्या कडेला एक जाड दोर आणि शिट्टी घेतलेला एक माणूस, एवढं जवळपासच्या एखाद्या तरुण मंडळानं मनावर घेतलं तरी पुष्कळ आहे. गणपतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढले तरी भागेल.