नियम लिहायचे राहिले!

डाव ऐन रंगात आलेला असताना "असं नसतंच मुळी!" म्हणून तुमचं कधी भांडण झालंय? माझ्या चौथीच्या वर्गात परवा झालं. तेही दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी खेळावरून!

खेळाचं नाव लिउबो. त्यात सहा काड्या टाकून दान घेत. चीनमध्ये हान राजांच्या काळी या खेळाचं भारी वेड होतं. हुनान प्रांतातल्या मावांगदुई इथं १९७३ साली इसवी सनापूर्वी १६८ मधलं एक थडगं उकरलं, तेव्हा त्यात या खेळाची अख्खी पेटीच सापडली. पट, सहा काळ्या नि सहा पांढऱ्या सोंगट्या, ४२ काड्या आणि १८ तोंडांचा फासा. सगळं होतं. नव्हते ते फक्त नियम!

मग अभ्यासकांनी जुनी पुस्तकं चाळली. चौथ्या शतकातल्या एका टीकेत थोडं सापडलं. पटाच्या मधोमध पाणी, पाण्यात दोन मासे. सोंगटी ठरलेल्या जागी पोचली की ती उभी करायची. मग ती घुबड होते, पाण्यात शिरते आणि मासा खाते!

मी पुठ्ठ्यावर पट काढला, एवढं सांगितलं आणि म्हटलं, "उरलेले नियम तुम्ही शोधा." चार गटांनी चार निरनिराळे खेळ केले. "मेलेली सोंगटी परत येते!" "मुळीच येत नाही!" झालं, जुंपली. मग मी त्यांना हानांच्या युवराजाची गोष्ट सांगितली. असल्याच डावात वाद झाला, त्यानं रागानं पट फेकून मारला आणि वू राज्याचा राजपुत्र दगावला. वर्ग चिडीचूप.

तेवढ्यात एकीनं विचारलं, "बाई, त्यांनी नियम लिहून का नाही ठेवले?"

"अगं, खेळ सगळ्यांनाच येत होता. लिहायचे कुणासाठी?" मी बोलून गेले आणि गप्पच झाले.

माझी आजी ओट्यावर खडूनं पट आखायची. चिंचोक्यांचं दान, बांगडीच्या काचांच्या सोंगट्या. पटावरची घरं मला अजून आठवतात. पण दोन सोंगट्यांची जोड कशी फोडायची, ते काही केल्या आठवत नाही. आजी जाऊन बारा वर्षं झाली. आता विचारू कुणाला?

म्हणून त्या दिवशी मी एकच गृहपाठ दिला. घरातल्या मोठ्या माणसाला त्याचा लहानपणचा खेळ विचारायचा आणि नियम वहीत लिहायचे.

तुम्हीही लिहा. मग वही मित्राच्या हातात द्या. तोंडानं एक अक्षर सांगायचं नाही हं! खेळताना तो जिथं अडेल, तिथं तुमचा एक नियम लिहायचा राहिला असं समजा. लगेच आजीकडे पळा आणि विचारून घ्या.