हॅरीची गुपितं, सिलार्डची गुपितं

सांगली,
रविवार सकाळ

चि. मनूस,


तुमच्या वाचनकट्ट्यावर रात्री दीडपर्यंत भांडण झालं आणि विषय काय, तर युडकोव्स्कीची हॅरी पॉटरवरची कादंबरी! मला फार बरं वाटलं. तू म्हणतेस, विज्ञानात गुपित ठेवणं म्हणजे विज्ञानाशी बेइमानी. निखिल म्हणतो, काही गोष्टी कळलेल्या माणसानं तोंड मिटून बसावं, नाहीतर जग पेटतं. आणि दोघांनी मिळून मला पंच नेमलंत. पंच व्हायची माझी तयारी नाही, पण बाजू घ्यायची आहे. ती पूर्णपणे तुझी नाही, हे आधीच सांगून टाकते.

हे पत्र तुझ्या आईच्या हाती पडणारच, आणि तिनं ते पुस्तक पाहिलेलं नाही, म्हणून तिच्यासाठी चार ओळी. एलिएझर युडकोव्स्की नावाच्या अमेरिकन माणसानं फेब्रुवारी 2010 मध्ये ‘हॅरी पॉटर अँड द मेथड्स ऑफ रॅशनॅलिटी’ लिहायला घेतली आणि 14 मार्च 2015 ला संपवली. प्रकरणं 122, शब्द साडेसहा लाखांच्या वर. रोलिंगबाईंची पात्रं, पण एक सांधा बदललेला: मावशी पेट्युनियाचं लग्न ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाशी झालंय, आणि जिन्याखालच्या खोलीऐवजी हॅरी पुस्तकांनी भरलेल्या घरात वाढलाय. अकरा वर्षांचा हा पोरगा हॉगवर्ट्सला पोचतो तो जादूवर प्रयोग करायलाच. याला फॅन फिक्शन म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ‘युगान्त’ आठवावं. इरावतीबाईंनीही दुसऱ्याच्या गोष्टीतली माणसं घेतली आणि त्यांना आपल्या बुद्धीचे प्रश्न विचारले. युडकोव्स्की काही इरावतीबाई नव्हे. त्याचा हॅरी पानोपानी व्याख्यानं झोडतो आणि कधीकधी त्याला एक चापट द्यावीशी वाटते. पण पुस्तकाला डोकं आहे.

आता तुमचं भांडण. तुम्ही दोघं ‘सांगावं की लपवावं’ एवढ्यावरच अडकलात. मी पुस्तकातली दोन गुपितं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा मला वेगळंच काही दिसलं.

पहिलं गुपित अंशतः रूपांतराचं. वस्तूचं रूपांतर करायचं तर अख्ख्या वस्तूचं करावं लागतं, असा जादूगारांचा ठाम समज. हॅरी म्हणतो, वस्तू ‘अख्खी’ असते हे आपल्या मनात असतं, खाली नुसतं पदार्थविज्ञान आहे. आणि तो रबराचा एक भागच बदलून दाखवतो. हे तो जगापासून लपवतो खरं, पण कोणाकोणाला ठाऊक आहे ते बघ: त्याची मैत्रीण हर्मायनी तिथेच असते, शिक्षिका मॅकगोनॅगलबाई स्वतः तपासून पाहतात, मुख्याध्यापक डम्बलडोरना कळवलं जातं. म्हणजे बाहेरच्यांना दार बंद, पण आत चार जणांत प्रयोग झालाय, शंका घेतल्या गेल्यात, खातरजमा झालीय. शेवटी हॅरीचा जीव वाचवतं ते हेच गुपित.

दुसरं अझ्कबान तुरुंगाचं. प्रोफेसर क्विरल त्याला एकटं गाठून सांगतात की बेलाट्रिक्स ही बिचारी बळी आहे, तिला तुरुंगातून सोडवू, पण कुणाला कळता कामा नये. हॅरी तयार होतो. तिथे क्विरल एका पहारेकऱ्यावर मारक मंत्र टाकतात, तो हॅरीच अडवतो, तरी नंतर त्यांचं स्पष्टीकरण ऐकून गप्प राहतो. महिनोन्महिने. क्विरल म्हणजेच वॉल्डेमॉर्ट, हे वाचकांतल्या अर्ध्यांनी एव्हाना ताडलेलं असतं. साऱ्या शाळेला तर्कशास्त्र शिकवणाऱ्या हॅरीला मात्र ते दिसत नाही. लेखकाचा नायक मंद आहे अशी तक्रार अनेक वाचक करतात, तुमच्यातल्या कुणीतरीही केलीच असेल. मला ती चुकीची वाटते. तो मंद नाही, एकटा पडलाय. त्याच्या डोक्यातल्या तर्कावर दुसऱ्या कुणाचा हात फिरलेलाच नाही. हर्मायनीला अर्धं वाक्य जरी सांगितलं असतं, तरी तिनं पहिला प्रश्न हाच विचारला असता की ती बळी आहे हे तुला सांगितलं कोणी?

निखिलच्या बाजूनं सगळ्यात भक्कम उदाहरण कादंबरीतलं नाही, 1939 सालचं आहे. त्यानं ते काढलं नाही याचं मला नवल वाटलं, म्हणून मीच काढते. (पदार्थविज्ञान शिकवण्यात हयात गेली, हा विषय निघाला की मला थांबवत नाही.) लिओ सिलार्ड हा हंगेरियन. अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना त्याला 1933 मध्ये लंडनमध्ये सुचली. पुढच्या वर्षी त्यानं पेटंट घेतलं, आणि ते गुप्त राहावं म्हणून 1936 मध्ये ब्रिटिश आरमाराच्या नावे करून दिलं. 1938 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये हान आणि श्ट्रासमान यांना युरेनियम फुटताना सापडलं, आणि आता यातून बॉम्ब बनेल या भीतीनं सिलार्डची झोप उडाली. तो फर्मीच्या मागे लागला, पॅरिसला जोलिओ-क्युरींना पत्र लिहिलं: छापू नका. जोलिओंनी ऐकलं नाही. एका विखंडनात किती न्यूट्रॉन सुटतात याचा त्यांच्या गटाचा निबंध एप्रिल 1939 मध्ये ‘नेचर’मध्ये आला, आणि त्याच महिन्यात हॅम्बुर्गहून पॉल हार्टेक यांनी जर्मन लष्कराला नव्या स्फोटकाच्या शक्यतेबद्दल लिहिलंसुद्धा.

ग्रॅफाइटचा किस्सा त्याहून बोलका. 1940 मध्ये कोलंबिया विद्यापीठात फर्मी आणि सिलार्ड यांनी मोजलं की शुद्ध कार्बन न्यूट्रॉन फारच थोडे गिळतो, म्हणजे अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला तो चालेल. शुद्ध हा शब्द महत्त्वाचा. ग्रॅफाइटमध्ये बोरॉनचा अंश असतो आणि बोरॉन न्यूट्रॉन खातो, हे सिलार्डनं कारखानदारांशी बोलून काढलं होतं. फर्मीला लपवाछपवी मनापासून नकोशी, पण या वेळी निष्कर्ष छापला गेला नाही. पुढच्या वर्षी जर्मनीत बोथे यांनी ग्रॅफाइट मोजलं, ते निकामी ठरलं, आणि जर्मन मंडळी नॉर्वेच्या जड पाण्याच्या मागे लागली. नमुना अशुद्ध होता हे तिथे कुणाच्या लक्षातच आलं नाही की खर्चाच्या हिशेबात बाजूला पडलं, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण फर्मीचा आकडा छापून आला असता तर बोथेंना आपला आकडा पुन्हा तपासावा लागला असता, एवढं नक्की. शिकागोची पहिली भट्टी 2 डिसेंबर 1942 ला पेटली ती ग्रॅफाइटवरच. तेव्हा गुपित कधीच योग्य नसतं, हे तुझं म्हणणं मला मान्य नाही, मनू.

पण हेही बघ की ते गुपित टिकलं कशामुळे. आत फर्मी होता, आणि तो सिलार्डच्या प्रत्येक भीतीला हसणारा होता. आकडे दोघांचे होते. हे मॅकगोनॅगलबाईंसमोरच्या रबरासारखं झालं, अझ्कबानसारखं नाही.

गुपिताची दुसरी गंमत अशी की ते आपल्या गप्प बसण्यानंच फुटतं. 1942 मध्ये गिऑर्गी फ्ल्योरॉव्ह हा तरुण सोव्हिएत पदार्थवैज्ञानिक हवाई दलात होता. एका ग्रंथालयात परदेशी नियतकालिकं चाळताना त्याच्या लक्षात आलं की विखंडनावर काहीच छापून येत नाहीये, या विषयात गाजलेली सगळी नावंच गायब आहेत. तो समजायचं ते समजला आणि त्यानं थेट स्टालिनला पत्र घातलं.

आणि सिलार्डचं पुढे काय झालं हे निखिलला जरूर ऐकव. जुलै 1945 मध्ये, जर्मनी हरल्यानंतर, त्यानं राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या नावे अर्ज लिहिला: शरणागतीच्या अटी जाहीर करून जपानला आधी संधी द्या, त्याशिवाय बॉम्ब टाकू नका. अणुबॉम्बच्या प्रकल्पातल्या सत्तर जणांनी सह्या केल्या. तो अर्ज लष्करी वाटेनं पाठवावा लागला, ट्रुमनपर्यंत पोचलाच नाही, आणि त्यावर गुप्ततेचा शिक्का बसला. ज्या माणसानं गुप्ततेची ही भिंत सगळ्यांत आधी मागितली, त्याचाच आवाज तिच्यात अडकला. 1940 मध्ये त्या भिंतीआड भांडणारे मित्र होते. 1945 पर्यंत तिथे हुकूम देणारे आले होते. नेमकं कोणत्या दिवशी बदललं, हे आतल्या कुणालाही सांगता आलं नसतं.

आता तुझ्या बाजूनं. पुस्तकातला परीस आठव. त्यानं रूपांतर कायमचं होतं, म्हणजे रोगी शरीर निरोगी करता येतं, आणि तो शतकानुशतकं कुणाच्यातरी कपाटात पडून आहे. हे अतिशयोक्त वाटत असेल तर इंग्लंडचं चेंबरलेन घराणं बघ. अडलेल्या बाळंतपणात बाळ सोडवायचा चिमटा सतराव्या शतकात या घराण्याकडे होता आणि त्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या लपवला. बाळंतिणीचे डोळे बांधत, असं सांगतात. 1670 मध्ये ह्यू चेंबरलेन तो विकायला पॅरिसला गेला. तिथल्या मोरिसो या नामांकित प्रसूतितज्ज्ञानं त्याला एक अत्यंत अवघड केस दिली. त्याला जमलं नाही, आणि ती बाई गेली. घराण्याची अवजारं 1813 मध्ये एसेक्समधल्या त्यांच्या जुन्या घरात फरशीखाली सापडली. चिमटा लपवलेला होता त्या काळात किती बायका गेल्या असतील याचा संताप येतोच, पण मला दुसरीही गोष्ट खुपते. तो चिमटा कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे त्या घराण्यालाही नीट माहीत नव्हतं. लपवलेल्या वस्तूवर घराबाहेरचं कुणी टीका करत नाही, म्हणून ती सुधारतही नाही.

मर्लिनच्या बंधनावरून तुम्ही फार वेळ घालवलात असं दिसतं: प्रबळ मंत्र पुस्तकातून शिकता येत नाही, जिवंत मनाकडून जिवंत मनाकडेच जातो. त्यात खास जादूगारांचं असं काही नाही, आपल्या घराण्यांतले उस्ताद बंदिशींचं हेच करत. भातखंड्यांनी दारोदार फिरून त्या मिळवल्या, स्वरलिपीत छापल्या, आणि तरी छापील पुस्तकावरून कुणी गवई झाला नाही. तेव्हा त्या मुद्द्यावर माझं मत विचारू नका, मला तो फारसा रंजक वाटत नाही.

रंजक वाटतं ते 113 वं प्रकरण. हॅरी नागवा, चष्मा आणि कांडी एवढंच जवळ, भोवती मृत्युभक्षक, समोर वॉल्डेमॉर्ट. तिथे लेखक थांबला आणि वाचकांना म्हणाला, साठ तासांत हॅरीला वाचवायचा मार्ग सांगा, नाहीतर शेवट आखूड आणि दुःखाचा मिळेल. वाचकांनी मार्गांचा ढीग घातला. एकानं सुचवायचं, दुसऱ्यानं त्यातलं भोक दाखवायचं, तिसऱ्यानं ते बुजवायचं. आणि उत्तर सापडलं. म्हणजे पुस्तकात जे गुप्त हत्यार म्हणून येतं ते पुस्तकाबाहेर लोकांनी उघड्यावर भांडून शोधून काढलं! लेखकाला हा विरोधाभास जाणवला असेल का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. याच युडकोव्स्कीच्या संस्थेनं, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांवर काम करणाऱ्या मिरीनं, 2018 मध्ये जाहीर केलं की यापुढे आमचं संशोधन न सांगणं हा नियम आणि सांगणं हा अपवाद. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. पण बाहेरून ते संशोधन बरं की वाईट हे सांगायला मग कुणाकडेच काही उरत नाही.

आणि त्याच 113 व्या प्रकरणातली न मोडता येणारी शपथ. तुमच्यापैकी कुणीच तिचा उल्लेख केला नाही, म्हणूनच खरं तर हे पत्र एवढं लांबलं. जग नष्ट होईल असं काही हॅरीनं करू नये म्हणून वॉल्डेमॉर्ट त्याला बांधून घेतो. त्यात एक पोटकलम आहे: तशीच वेळ आली आणि धोका पत्करावाच लागला, तर आधी हर्मायनीला सगळं खरं आणि पूर्ण सांगायचं, आणि तिला पटलं तरच पुढे जायचं. पुस्तकातला सर्वांत दुष्ट माणूस हे घालतो, हॅरीच्या भल्यासाठी नव्हे तर स्वतःच्या जिवाच्या भीतीनं. शेवटी सगळं ज्ञान जगाला खुलं करायच्या उत्साहात निघालेल्या हॅरीला ही शपथच अडवते. म्हणजे तुझ्या टोकालाही ती लगाम घालते आणि निखिलच्याही.

निखिलला माझा एवढाच प्रश्न पोचव: ज्याला गप्प बसायचं आहे त्यानं आपली हर्मायनी कोण हे आधी सांगावं, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर तो ऐकेल का तेही. तुलाही एक विचारते, कारण सिलार्डचा अर्ज माझ्या डोक्यातून जात नाही. त्या भिंतीआड एक नव्हे, सत्तर हर्मायन्या होत्या, आणि तरी कुणी विचारलं नाही. तुझ्या उघड विज्ञानात त्यांचा अर्ज ट्रुमनच्या टेबलावर नक्की पोचला असता, असं तुला का वाटतं? नुसतं ‘कारण उघड आहे म्हणून’ असं लिहून पाठवू नकोस.

आईला सांग, लोणच्याची बरणी पोचली. दिवाळीला निखिललाही घेऊन ये.

तुझी,
मावशी