डोईजड

लिटल मॉर्टन हॉलला सरळ उभं राहणं ठाऊक नाही. इंग्लंडच्या चेशायरमध्ये, भोवती पाण्याचा खंदक घेऊन बसलेल्या या वाड्यात काटकोन शोधूनच काढावा लागतो. खांब कलते, तुळया पोक काढलेल्या, वरच्या जमिनी खालीवर झालेल्या. दोष वयाचा नाही, तरुणपणच्या हौसेचा आहे.

मॉर्टन घराण्यानं सोळाव्या शतकाच्या आरंभी तो बांधायला घेतला आणि पुढची शंभर वर्षं वाढवत नेला. दगडी जोतं, त्यावर ओकचा सांगाडा, मधल्या चौकटींत कुडाच्या भिंती. ओक ओला असतानाच घडवायचा, कुसू खाचेत बसवून लाकडी खुंट्या ठोकायच्या. वाळताना लाकूड आक्रसतं, पिळतं आणि सांधे आवळत जातात. असा सांगाडा ओझ्याखाली वाकतो. सहजी मोडत नाही.

१५५९मध्ये चौकाकडच्या खिडक्या झाल्या. त्यांवर मालक विल्यम मॉर्टनचं नाव आहे, आणि रिचर्ड डेल या सुताराचंही: देवाच्या कृपेनं या खिडक्या आपण केल्या, असं तो सांगतो. घरं मालकाच्या नावानं ओळखली जातात, बांधणारे हात विसरले जातात. या वाड्यानं आपला सुतार विसरू दिला नाही, म्हणून तो मला फार मोठ्या मनाचा वाटतो.

मग दक्षिणेकडच्या भागावर तिसरा मजला चढला: सुमारे २१ मीटर लांबीचं, तावदानांनी उजळलेलं दालन. पावसाळी दिवसांत इथे फेऱ्या मारायच्या, खेळायचं. लाकडी आवरणामागे सतराव्या शतकातले टेनिसचे चेंडू सापडले आहेत. पण डोक्यावर आलं जाड दगडी पाट्यांचं छप्पर. तो भार खालच्या लाकडांना पेलवेना. ती फुगली, झुकली, आणि तशीच टिकली.

राजा आणि संसद यांच्यातल्या इंग्लंडच्या यादवीत घराणं राजाच्या बाजूला राहिलं. १६४३मध्ये संसदेच्या सैन्यानं वाडा ताब्यात घेतला. पुढे कर्ज आलं, कुळं राहू लागली. हलाखीनंच त्याला वाचवलं असं मी मानतो: नव्या चालीनं बदलायला कुणाजवळ पैसा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दालनाच्या भागात पोलादी सळया घातल्या गेल्या, आणि १९३८मध्ये वाडा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आला. सळयांनी त्याला आधार दिला, सरळ केलं नाही. तेच बरं झालं. इतकी शतकं त्या कलात मुरलेले सांधे ताठ करणं म्हणजे ते उखडणंच.