दुना, दुनाव, डोनाऊ

मार्गारेट पुलावरून डॅन्यूब पाहिली आणि तोंडून निघालं, ‘अबब, केवढी ही गंगा!’ आम्हा वैजापूरकडच्यांना मोठी नदी म्हणजे गंगाच. कागदोपत्री गोदावरी असेल. नांदूर मधमेश्वराहून पाणी सुटलं की काठच्या गावांत बातमी एकच, गंगेला पाणी आलं!

बुडापेस्टमध्ये तर डोळे कुठे ठेवावेत कळेना. खाली हिरवट-मातकट पाणी वेगाने वाहतंय, काठाने पिवळ्याधमक ट्रामा धावताहेत, आणि ऐन पात्रात नदीला दुभंगून बसलंय गर्द मार्गारेट बेट. थेट आपलं गोदावरीतलं सराला बेटच! पण आपली गोदावरी १,४६५ किलोमीटर, ही सुमारे २,८५०. दोघीही पश्चिमेला उगवून पूर्वेच्या समुद्राकडे निघालेल्या. वाटेत हिला दहा देश लागतात आणि भाषा बदलली की नावही वळण घेतं. जर्मनांची डोनाऊ, स्लोव्हाकांची दुनाय, हंगेरियनांची दुना, सर्बांची दुनाव, रोमानियनांची दुनारिआ. डॉन, नीपर, नीस्टर या नद्यांच्या नावांतही अभ्यासकांना तेच प्राचीन मूळ दिसतं. आणि ऋग्वेदातला ‘दानु’, म्हणजे थेंब, द्रव, तोही त्याच कुळातला! माझ्या अंगावर काटाच आला.

मग दारांवरच्या पाट्या वाचायचा नादच लागला. इथे आडनाव आधी, नाव नंतर. अगदी आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. कोवाच म्हणजे लोहार, साबो म्हणजे शिंपी, मोलनार म्हणजे पिठाची चक्की चालवणारा. सेगेद गावचा तो सेगेदी, देब्रेत्सेनचा तो देब्रेत्सेनी. आपला ‘कर’ इथे नुसत्या एका ‘ई’वर भागतो! वैजापूरकर इकडे जन्मता तर वैजापूरी झाला असता. हालास म्हणजे कोळी, आणि त्याच कोळ्याच्या नावाचं माशाचं सूप, हालासले, वाफाळत पुढ्यात येतं. पाप्रिकाने लालभडक, वर तेलाचा तवंग, वासानेच भूक खवळते.

पण मला सगळ्यांत भावली ती परक्यांची आडनावं. होर्वाथ म्हणजे क्रोएशियन, तोत म्हणजे स्लोव्हाक, नेमेत म्हणजे जर्मन. शेजारच्या मुलखातून आलेल्यांना गावाने ज्या नावाने ओळखलं, तेच घराण्याला चिकटलं. आज हंगेरीतल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत ही तिन्ही आहेत, आणि ती लावणारी माणसं अस्सल हंगेरियन बोलतात.