क्रमांक आणि झील

श्रेष्ठ रॉक गिटारवादकांची क्रमवारी लावण्यासाठी लोअर परळइतकी विलक्षण जागा दुसरी सापडणे कठीण. मथुरादास मिलच्या आवारात २००७ पासून २०१६ पर्यंत ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीतगृह चालले. हेंड्रिक्स थोर की क्लॅप्टन, पेजला जेफ बेकच्या वर बसवावे काय, हे प्रश्न अशा ठिकाणी जिव्हाळ्याने चघळले जातात. वाद घालणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते, की ‘थोर कोण’ हा वाद या वस्तीला नवा नाही. गिटार तेवढी नवी.

क्रमवारीला नाक मुरडणे समीक्षेला सोपे जाते. कलाकृती ही अनन्य, तेव्हा तिची तुलना अप्रस्तुत, असे म्हटले की प्रश्न मिटतो. पण ‘आद्य’, ‘युगप्रवर्तक’, ‘पंचकवी’ ही आपल्या वाङ्मयेतिहासाची लाडकी संबोधने म्हणजे आकडा न घालता दिलेले क्रमांकच नव्हेत काय? उपाहारगृहातला तरुण निदान आकडा उघड सांगतो, आणि सांगितल्यामुळे त्याला कारणही द्यावे लागते. कोणी बोटांच्या वेगाचे कारण देतो, कोणी नादाच्या पोताचे, कोणी पुढच्या पिढीवरील प्रभावाचे. निकषांची ही ओढाताण म्हणजेच समीक्षा. यादी हे केवळ तिचे निमित्त.

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकाच्या याद्या या दृष्टीने उद्बोधक आहेत. २००३ सालची शंभर जणांची यादी डेव्हिड फ्रिक या एका समीक्षकाने केली. तीत एडी व्हॅन हेलन सत्तराव्या स्थानी होता. २०११ साली वादक आणि जाणकार यांच्या मतदानातून तो आठवा झाला, आणि २०२३ च्या अडीचशे जणांच्या यादीत चौथा. ज्या वादनाने त्याची कीर्ती झाली ते तर १९७८ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून सर्वांपुढे होते. बदलले ते मोजणारे हात. सिस्टर रोझेटा थार्प या कृष्णवर्णीय भक्तिगीत-गायिकेचे उदाहरण अधिक बोचरे आहे. ती १९७३ साली वारली. २००३ च्या यादीत तिला स्थानच नव्हते, २०२३ च्या यादीत ती सहावी आली. मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी तिच्या वादनात सुधारणा झाली, असे कोणी म्हणणार नाही! जोनी मिचेलही याच वीस वर्षांत बहात्तराव्या जागेवरून नवव्या जागेवर आली. हेंड्रिक्स मात्र तिन्ही याद्यांत पहिलाच.

गिरणगावात हाच पेच शाहिरांच्या बाबतीत पडला होता, आणि तो अधिक गुंतागुंतीचा होता. १९४४ साली स्थापन झालेल्या लालबावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे तिघे एकत्र होते. यांत श्रेष्ठ कोण? ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड अण्णाभाऊंची. पोटासाठी मुंबईला आलेल्या कष्टकऱ्याचा गावी राहिलेल्या बायकोविषयीचा विरह तीत शेवटी तुटलेल्या सीमाभागाच्या विरहात मिसळून जातो. लावणीच्या शृंगाराला राजकीय आशय पेलायला लावणारी ही रचना आहे, आणि हे श्रेय निःसंशय कवीचे. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती सभांतून पसरली अमर शेखांच्या पहाडी आवाजाने. संहिता एकाची, प्रयोग दुसऱ्याचा. छापील पान प्रमाण मानणारी समीक्षा अण्णाभाऊंना वर ठेवील. मैदानात उभे राहून ऐकलेला कामगार कदाचित अमर शेखांना. या दोघांपैकी कोणाचाही निकष खोटा म्हणता येत नाही. तथापि आपल्या वाङ्मयेतिहासात पहिलाच निकष वापरला गेला आणि अमर शेख हे मुख्यतः ‘आवाज’ म्हणून उरले, हा त्यांच्यावर अन्याय आहे. ते स्वतः कवी होते. (१९६९ साली अण्णाभाऊ १८ जुलैला गेले, अमर शेख २९ ऑगस्टला. सहा आठवड्यांत दोन्ही बाजू संपल्या.)

या वस्तीला क्रमवारीची स्वतःची रीतही होती. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांच्या शक्ती-तुऱ्यात शक्ती थोर की शिव थोर हाच वादाचा विषय असतो. एका पक्षाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याचा जबाब गाऊन द्यायचा. डबलबारीच्या भजनातही एका बुवाला दुसऱ्या बुवाचे ऐकून घ्यावे लागते. श्रेष्ठत्व तेथे समोरासमोर सिद्ध करायचे असते. यादीत हे घडत नाही. तेथे सत्तरावा आठव्याला उत्तर देऊ शकत नाही, मग मेलेल्यांची तर गोष्टच सोडा.

दोन्ही रीतींतून एक माणूस मात्र सारखाच निसटतो. गिटारवादकांच्या याद्यांचा ओढा एकल वादनाकडे असतो; गाण्याचा ठेका धरून ठेवणारा दुसरा गिटारवादक त्यांत क्वचितच वर चढतो. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. शाहीर श्वास घेतो तेवढ्या अवकाशात ते ‘जी जी’ची झील उचलतात, आणि शाहिराचा पुढचा चौक त्या उचललेल्या स्वरावरच उभा राहतो. त्यांच्यातच एकाच्या हाती तुणतुणे असते. त्याला तार एकच. तिच्यावर चमत्कार करून दाखवायला फारसा वाव नाही. सूर ढळू द्यायचा नाही, एवढेच काम, आणि ते पोवाडा संपेपर्यंत करायचे. कलापथकांच्या जुन्या छायाचित्रांत हा माणूस बहुधा कडेला, अर्धा चौकटीबाहेर उभा असतो.